आईकडनं गाण्यावर व्यायाम करून घेतलाय का कुणी? (कोल्हापूर)

मंगळवारपेठकर: आई ७६ ची. वजन उतरलंय, चाल मंदावलीय, मंडईतनं भाजीची पिशवी पण उचलवत नाही आणि वर्षभरात विसरायला पण लागलीय, दूध तापत ठेवलं की गेलंच. डॉक्टर म्हणाले हा स्मृतिभ्रंश नाही, शरीर आणि डोकं दोन्ही एकदम कमजोर व्हायलंय, कॉग्निटिव्ह फ्रेल्टी म्हणतात, आत्ता हातपाय हलवले तर सुधारायला वाव आहे. व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवलाय, ढुंकून बघत नाही ओ. पण रेडिओवर जुनं गाणं लागलं की भाजी निवडता निवडता पाय ठेका धरतोय. म्हणून विचारलं.

फिजिओताई: दादा, उपयोग होतो. जिनिव्हात ६५ च्या वरच्या, पडायचा धोका असलेल्या १३४ जणांवर अभ्यास झाला, २०११ ला छापून आला. आठवड्याला एक तास, सहा महिने, पियानोच्या तालावर चालायचं. पडण्याचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. ते सगळेच तुमच्या आईंसारखे नव्हते हे खरं. पण नुसतं गाणं लावून हात हलवायचे असं नव्हतं ते, लय बदलली की चाल बदलायची, हातात वस्तू घेऊन चालायचं, म्हणजे कान, डोकं आणि पाय एकाच वेळी कामाला. घरी बघा, आई चालताना तुम्ही काही विचारलं की उत्तर द्यायला जागेवर थांबतात का? थांबत असतील तर हाच सराव पाहिजे.

टाळकरी_शिवाजीपेठ: आमच्या भजनातल्या म्हाताऱ्यांना मी हेच करायला लावतोय. खुर्चीत बसून केरवा, आठ मात्रा तोंडानं मोजायच्या, एकला टाळी, पाचला हात उघडा, खाली पाय डावा उजवा चालूच. जमलं की न सांगता दादरा धरायचा, सहा मात्रा, एकला टाळी आणि चारला हात उघडा. निम्मे जण पाचवर हात उघडत्यात आणि मग जे हसणं सुरू होतंय! व्यायाम म्हणून बोलवलं असतं तर एक माणूस आला नसता, टाळ धरायला या म्हटलं की येत्यात.

रंकाळ्याकाठी: हलगीबिलगी वाजवू नका घरात, कानाला मशीन असेल तर डोकं उठतंय. आणि फुगडी वगैरे अजिबात नको, उत्साहाच्या भरात आमची आत्या घसरलीय.

मंगळवारपेठकर: टाळ आहेत घरात, वडिलांचे. पण आईचा गुडघा दुखतोय, उभं करू की नको?

फिजिओताई: आधी बसूनच. खुर्ची हातवाली, चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवून, पायात मोजे नकोत. बीपीची गोळी असेल तर उठताना थोडं थांबून उठू दे. पंधरा मिनिटं पुरे, दम लागून बोलता येईना झालं की थांबवा. उभं करायचं तेव्हा ओट्याला धरून, आणि पहिल्यांदा फिजिओसमोरच.