'कलर' म्हणजे मुळात झाकण?

प्रश्न : जमिनीच्या एका जुन्या प्रकरणाचे कागद चाळत होतो. त्यात 'कलरेबल एक्सरसाइज ऑफ पॉवर' असं दोनदा आलं. वकीलसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अधिकार रीतसर वापरल्याचं नुसतं सोंग." रंगाचा आणि सोंगाचा काय संबंध? हा कलर आला तरी कुठून?

उत्तर : वकीलसाहेब बरोबर आहेत, आणि सोंग त्या शब्दाच्या मुळातच आहे. इंग्रजीत कलर आला जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'कोलोर', त्याहून जुनं रूप 'कोलोस'. अभ्यासक त्याचं नातं झाकणे, लपवणे अशा अर्थाच्या 'केल्' या प्राचीन धातूशी लावतात. रंग म्हणजे वस्तूवर चढवलेली खोळ. कन्सील (लपवणे), सेल (कोठडी), हेल्मेट ही याच घरातली भावंडं, आणि हेल म्हणजे नरकसुद्धा!

'अंडर कलर ऑफ लॉ' म्हणजे कायद्याचं पांघरूण घेऊन. तुमच्या कागदातला प्रकार असा, की अधिकार कायद्याने दिलेला असतो, पण तो ज्या कामासाठी दिला ते सोडून भलत्याच कामाला वापरतात. 'कलरेबल लेजिस्लेशन', म्हणजे अधिकार असल्याचं सोंग घेऊन केलेला कायदा, थोडं निराळं. गजपती नारायण देव विरुद्ध ओरिसा राज्य या १९५३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कायदेमंडळाचा हेतू बरा की वाईट हे तिथे बघायचंच नाही. असा कायदा करायचा अधिकार त्याला होता का, एवढंच बघायचं.

आणखी एक : संस्कृतातला 'वर्ण'ही बहुधा 'वृ' म्हणजे झाकणे यावरूनच आला. आवरण त्याच धातूचं. ग्रीक 'ख्रोमा'चा जुना अर्थ कातडी, अंगकांती. धातू तिन्ही वेगळे, पण तिन्ही भाषांना रंग दिसला तो वरच्या थरात.

आपला 'रंग' मात्र त्या पंगतीतला नाही. तो 'रञ्ज्'वरून आला. त्याचे अर्थ दोन : रंगणे आणि मन जडणे. अनुराग, विरक्ती, मनोरंजन सगळे तिथलेच. (त्याच 'राग'चा मराठीत संताप कसा झाला, हा वेगळ्या चर्चेचा विषय.) हा रंग वर बसत नाही, आत मुरतो. विडा रंगतो, कीर्तन रंगतं, गप्पा रंगतात. इंग्रजी कलरला हे जमणार नाही.

'रक्त' बघा. मूळ अर्थ रंगवलेलं. मग लाल, मग अंगातलं रक्त. स्पॅनिशमध्ये 'कोलोरादो'चं तसंच झालं : रंगीत, मग तांबडं. गाळाने तांबूस दिसणाऱ्या अमेरिकेतल्या नदीला तेच नाव पडलं आणि पुढे राज्यालाही.

प्रतिवाद : मुरण्याचं पटलं, पण अर्धंच. 'रंगवून सांगणे' म्हणजे काय मग? तिखटमीठ लावणेच ना? आणि वादाला राजकीय रंग देतात तो कुठे मुरतो? वरून फासलेलाच असतो की.

पुन्हा आधीचेच उत्तर देणारे : मान्य. 'रंगवणे' म्हटलं की कुणीतरी हाताने लावतं, तिथे लबाडीला जागा होते. 'रंगणे' आपोआप होतं, तिथे नाही. एवढी दुरुस्ती करून घेतो. पण म्हणूनच 'कलरेबल'साठी 'रंगीत' चालणार नाही. मी 'दिखाऊ' म्हणेन, किंवा सरळ 'अधिकाराच्या बुरख्याआड'.

प्रश्नकर्ता : 'बुरख्याआड' आवडला. जाता जाता, स्पेलिंगमध्ये 'यू' आहे की नाही?

उत्तर : इंग्लंडमध्ये आहे, अमेरिकेत नाही. नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात तो गाळला आणि तिकडे तेच रूढ झालं. आपण मधल्यामध्ये : शाळेत मुलाने 'यू' गाळला की लाल शाई, आणि तोच मुलगा मोठा होऊन वेबसाइटच्या कोडमध्ये 'यू' घालतो तेव्हा रंगच दिसत नाही.