पोकर: एक्का-अठ्ठीवर ऑल-इन कॉल केला, चुकलं का?

पंचवटीकर: मंडळी एक शंका. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानंतर ऑनलाइन पैसे लावून खेळणं बंदच झालं, म्हणून आता आम्ही नऊ जण शनिवारी इंदिरानगरला मित्राकडे बसतो, पैसे नाहीत, डाव रविवारच्या मिसळीचा, पहिले तिघं फुकट खाणार आणि बाकी सहा बिल भरणार. काल चौघं उरलो. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम) 1,000-2,000, मी बिग ब्लाइंडला, म्हणजे 2,000 भरणारा, ते धरून 27,000 चिप्सवर. 36,000 वाल्याने पत्ते टाकून डाव सोडला, बटणवाल्याने (वाटणाऱ्याच्या जागेवरचा) 24,000 ऑल-इन, म्हणजे होते तेवढे सगळे ढकलले, स्मॉल ब्लाइंडवाल्याने पण डाव सोडला, त्याच्याकडे उरले फक्त 2,000. मी एक्का-अठ्ठीवर कॉल केला (तेवढेच टाकले), समोर एक्का-दश्शी, आणि पुढच्या दोन डावांत मी बाहेर. कॉल चुकला की नशीब?

गोदाकाठ: कॉल बरोबर. पॉटात (मधल्या ढिगात) 27,000, तुला टाकायचे 22,000, म्हणजे 45 टक्के वेळा जिंकलास तरी भागतं. बटणवरून 12 बिग ब्लाइंडएवढे चिप्स असलेला राजा-गुलाम, छोट्या जोड्या काहीपण ढकलतो, त्यापुढे एक्का-अठ्ठी निम्म्याच्या वर जाते. नशीब खराब, दुसरं काय.

सिडकोवाला: भाऊ हिशोब बरोबर पण तो चिप्सचा झाला, मिसळ काय चिप्स मोजून वाढत नाहीत. तिघांना सारखंच बक्षीस म्हणजे हे सॅटेलाइट झालं, इथे 50,000 करून पण प्लेट एकच येते. आता बघा, 2,000 वाल्यावर तिसऱ्या डावाला बिग ब्लाइंड येणार, त्यात तो संपल्यातच जमा. पत्ते टाकले असते तर 25,000 घेऊन गप बसायचं, शंभरातले पंच्याण्णव वेळा मिसळ नक्की (माझा अंदाज). कॉल करून हरला तर उरले 3,000, म्हणजे त्या गरिबाच्या शेजारी जाऊन बसला, फिफ्टी-फिफ्टी. मग कॉल परवडायला जवळजवळ 90 टक्के जिंकायला पाहिजे, आणि एक्क्यांची जोडीसुद्धा कुठल्याही दोन पत्त्यांपुढे 85 च्या आसपासच जिंकते. बटणवाला हुशार, त्याला माहिती होतं तू कॉल करायला नको.

गोदाकाठ: म्हणजे एक्क्यांची जोडी पण फेकायची?? आमच्यात कोणी फेकली तर पुढच्या शनिवारी घरात घेणार नाहीत 😂 पण बरोबर आहे, बक्षीस सारखं हे मी वाचलंच नव्हतं.

पंचवटीकर: आत्ताच बिल भरून आलो. बटणवाल्याने पापड पण दोनदा मागवला.