भाऊ बोलता बोलता भलतीकडंच जायलाय, हे काय असतंय?

परभणीवाला: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २३, दिवाळीपासून त्याचं बोलणं बदललंय. शब्द समदे ओळखीचेच पण वाक्याला वाक्य लागंना. परवा विचारलं कापूस घातला का, तर म्हणला "कापसात पूस, पूस महिन्यात ऊन, उन्हाला माझं नाव माहितीय, म्हणून डीपी जळाली." मधीच गप होतो अन् म्हणतो डोक्यातलं कुणीतरी काढून नेलं. झोप नाही. नशापाणी नाही. आई म्हणती बाहेरचं हाय, मामा बाबाकडं न्यायचं म्हणायलेत.

गप्पीदास: आमच्या पारावर या, समदे असंच बोलतेत.

सिस्टर लातूर: पारावरचे पहिल्यापासून तसे असतेत, ह्याचं बदललंय, फरक तिथंच हाय. मी मानसोपचार वॉर्डात काम करते. पेशंट काय बोलतो यासोबत कसं बोलतो तेबी डॉक्टर बघतात. विषयाचा धागा सुटणं, विचार मधीच तुटणं, कुणी विचार काढून नेतंय वाटणं हे स्किझोफ्रेनिया नावाच्या मानसिक आजारात दिसतं. मॅनियात, म्हणजे मन लईच चढलेलं असतं त्या आजारात, बोलणं सुसाट, दुसऱ्याला मधी बोलूच देत नाहीत, अन् यमकावरून उड्या मारणं तिकडं जास्त. तुमच्या भावाचं दोन्हीकडं जायलंय, म्हणून इथं बसून नाव देणार नाही. त्याची दोन-चार वाक्यं जशीच्या तशी लिहून ओपीडीत न्या, "येड्यागत बोलतोय" एवढ्यानं डॉक्टरला काही कळत नाही.

बीडची लेक: आमच्या बाबांचं तापात एका रात्रीत असंच झालतं, तपासलं तर सोडियम कमी. म्हातारं माणूस अचानक बरळायलं किंवा कुणाचं तोंड वाकडं होऊन शब्द चुकायले तर थेट दवाखाना गाठा, मनाचं असल म्हणून थांबू नका.

परभणीवाला: तो यायला तयार नाही ना पण. म्हणतो मला काय झालंय.

सिस्टर लातूर: वाद घालू नका, त्याच्या बोलण्याचा अर्थबी लावत बसू नका. एका वेळी एकच छोटा प्रश्न. झोप नाही ह्याचा त्याला स्वतःला तरास होत असल, तर झोपेसाठी चल म्हणा, ते खोटंबी नाही. जिल्हा रुग्णालयात विचारा, नाहीतर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज नाहीतर संभाजीनगरचा घाटी सरकारी दवाखाना. १४४१६ टेलिमानस ही मनाच्या आजारासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट हाय, घरच्यांनीबी फोन केला तरी चालतो. जीव द्यायचं नाहीतर कुणाला मारायचं बोलला तर मात्र त्याच दिवशी न्या.

परभणीवाला: अन् मामा?

सिस्टर लातूर: अंगारा लावू द्या की. साखळदंड, उपास, मारहाण असलं काही असल तिथं पाठवू नका, अन् गोळ्या सुरू झाल्या की बाबाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत, हे मामांना आत्ताच सांगून ठेवा.