ग्राम आरोग्य समिती कागदावरच आहे, ती चालती कशी करायची?

डोंगरपाडा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव आदिवासी पट्ट्यातलं, पाडे लांब लांब, उपकेंद्राला जायचं तर नदी ओलांडून. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे म्हणतात पण मेंबर कोण ते मेंबरांनाच माहीत नाही, आणि वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी (म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करायचा पैसा) कशावर जातो तेही कुणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात एका घरच्यांनी बाळंतपणासाठी उसने पैसे काढून जीप केली, गाडी सरकारी मोफत मिळते हे त्यांना माहीतच नव्हतं. ग्रामसभेत विषय काढला की लोक म्हणतात ते डॉक्टरचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं. कुणी गावात हे बदललंय का?

मावळवाट:
मी लोकाधारित देखरेखीच्या कामात होतो, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवर गावानेच लक्ष ठेवायचं. आपल्याकडे २००७ च्या सुमारास पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं, समन्वय पुण्याच्या साथी संस्थेकडे. पद्धत साधी होती. गावातल्या बायाबापड्या एकत्र बसून सांगायच्या नर्सबाई पाड्यावर येते का, लस वेळेवर मिळते का, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पैसे मागतात का, औषध बाहेरून आणायला लावतात का, आणि त्यावरून गावाचं रिपोर्ट कार्ड भरायचं, हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. मग जनसुनवाई, तिथे अधिकारी समोर बसलेले आणि लोक माईकवर. खरा फरक तिथे पडतो, कारण सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.
तुम्ही आधी समितीच्या मेंबरांची नावं आणि निधीचा खर्च ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घ्या. त्याच्या शेजारी लिहा की सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, घरून नेणं आणि परत सोडणं सगळं मोफत आहे, २०११ पासून.

रानजाई:
मी स्वतः आशा आहे म्हणून सांगते. जनसुनवाई चांगलीच पण कधी कधी सगळा राग समोर दिसणाऱ्या नर्सताईवर निघतो, तिच्याकडे तीन तीन गावं, शेजारचं पद रिकामं, औषध वरूनच आलेलं नाही, ती तरी काय करणार. रिकाम्या पदाचा ठराव ग्रामसभेत घ्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. नर्सताईला पण सोबत घ्या, तिलाही तेच हवं असतं.

सीनाकाठ:
"आपल्याला काय कळतं" याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं तेव्हा गावानेच आरोग्यसेविका निवडल्या, त्यात कित्येक जणी दलित घरातल्या, कधी शाळेत न गेलेल्या, आणि त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोगाची भीती घालवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, १९९९ मध्ये त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाचं वजन घेतात त्याच्या मुळाशी हेच काम आहे. ग्रामसभेत हे नक्की सांगा.

डोंगरपाडा:
खूप आभार सगळ्यांचे. भिंतीचं काम या आठवड्यातच करतो. पण बाया ग्रामसभेत बोलतच नाहीत हो, मागे उभ्या राहतात नाहीतर येतच नाहीत.

रानजाई:
दादा, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचा नियम आहे, तो विषय तिथे ठेवा. आणि ती ग्रामपंचायतीत नको, पाड्यावर घ्या, लावणीच्या दिवसांत तर अंधार पडल्यावरच. पुरुष मंडळींनी तेवढा वेळ पोरं सांभाळायची, मग बघा किती बोलतात.