जुळ्या मुली, एक बडबडी, एक अबोल: रक्तातलं की वळणातलं?

जुळ्यांची आई: मुली सहा वर्षांच्या. घर एक, शाळा एक, वर्गही एकच. लिफ्टमध्ये कुणी अनोळखी शिरलं की थोरली मजला विचारून बटणही दाबून देते. धाकटी माझ्या पायांमागे दडून बुटाच्या नाड्या बघत बसते. नातेवाईक म्हणतात, तूच तिला घुमी केलीस. खरंच संगोपनाचा एवढा हात असतो?

जीवशास्त्रवाला: दिसायला वेगळ्या आहेत का? मग त्यांची जनुकं सख्ख्या बहिणींइतकीच जुळतात. जुळ्यांवरच्या अभ्यासांत बहिर्मुखतेतल्या फरकांपैकी साधारण ४० ते ६० टक्के आनुवंशिक निघतात. उरलेल्यात एकाच घरात वाढण्याचा वाटा फारच कमी. अर्थात हे आकडे समूहाचे, एका मुलीचे असे वाटे पाडता येत नाहीत. आणि अंतर्मुखतेचं असं एकच जनुक नसतं, असंख्य बारीक फरक मिळून कल ठरतो.

निवांत: कल जन्माचा असेल, पण त्याला शाबासकी मिळते की टोमणे, ते समाज ठरवतो. शांघायमधल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत १९९० साली लाजरी मुलं सवंगड्यांना आवडत होती. २००२ पर्यंत तशीच लाजरी मुलं नावडती झाली! बारा वर्षांत जनुकं थोडीच बदलतात? बाजार आणि स्पर्धा आली. (लाजरेपणा आणि अंतर्मुखता एकच नव्हेत, पण नातेवाइकांना तेवढी सवड कुठे?)

जुळ्यांची आई: हो, दिसायला अगदी वेगळ्या. आणि धाकटी घरात अखंड बोलते हो, बाहेरच मूग गिळून बसते. हा धागा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतेच.