सभागृह चालत नाही, मग आमदारांचं वेतन का थांबवू नये?

रानवाट: अधिवेशनाचे दिवस गोंधळात गेले की "काम नाही, तर वेतन नाही" ही मागणी पुन्हा वर येते. राग मलाही येतो, पण या मागणीला माझा ठाम विरोध आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मतदानविषयक विधेयक रोखण्यासाठी विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे सदस्य सभागृहातून निघून गेले आणि गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान उपस्थिती, मोडली. तिथल्या सरकारचे प्रमुख असलेले राज्यपाल ग्रेग अ‍ॅबट यांनी नकाराधिकार वापरून विधिमंडळाच्या खर्चाची तरतूदच कापली. सदस्यांचं महिना ६०० डॉलर वेतन तिथल्या राज्यघटनेतच आहे, त्याला हात लागत नव्हता. टांगती तलवार आली ती मसुदे लिहिणाऱ्या आणि कार्यालयं चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांवर. पुढे विशेष अधिवेशनात पैसे परत मंजूर झाले, पण सरकारला नको असलेलं सभागृह उपाशी ठेवता येतं हे सगळ्यांनी पाहिलं.

कोरडवाहू: टेक्सास राहू द्या हो. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ नुसार आमदारांचं वेतन विधिमंडळच कायद्यानं ठरवतं, म्हणजे घेणारेही तेच आणि ठरवणारेही तेच. एरवी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे पक्ष वेतनवाढीच्या विधेयकावर कसे एका सुरात "होय" म्हणतात? शिवाय निवृत्तिवेतन. पंजाबनं २०२२ मध्ये "एक आमदार, एक निवृत्तिवेतन" असा कायदा केला. तोवर तिथं जितक्या वेळा निवडून याल तितकी रक्कम वाढत होती. लोकांनी चिडायचं नाही तर काय करायचं?

रानवाट: निवृत्तिवेतनाबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. वेतन थांबवण्याबाबत नाही.

उंबरठा: वेतनाचा इतिहासही बघा. ब्रिटनमधल्या चार्टिस्ट या मताधिकाराच्या चळवळीच्या १८३८ च्या सनदेत कामगारांनी खासदारांना वेतन द्या अशी मागणी केली होती, कारण बिनपगारी संसदेत बसणं जमीनदारांनाच परवडायचं. तिथं ते १९११ मध्ये मिळालं, वर्षाला ४०० पौंड. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरचे सदस्य आजही वर्षाला १०० डॉलरवर काम करतात. हातावर पोट असलेली बाई तिथं कशी निवडून येणार? आली तरी घर कशावर चालवणार?

कोरडवाहू: ताई, ती बाई आपल्याकडेही दिसत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे, तीही कागदावरची. गरीब माणूस तिकिटाच्या दारातच अडतो. वेतनामुळे सामान्यांना सभागृह खुलं होतं हे आपल्याकडे मला पटत नाही.

उंबरठा: दार अरुंद आहे हे खरं. पण म्हणून आत आलेल्याचं वेतन कापलं, तर टिकणार कोण? ज्याला वेतनाची गरजच नाही तो.

पाणवठा: सगळे वेतनावरच अडकलेत. खर्चात सचिवालय, ग्रंथालय आणि समित्याही येतात. महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासणारी लोकलेखा समिती सरकारी पैशाचा हिशेब मागते, त्या कामाला जाणती माणसं लागतात. अनुच्छेद १८७ नं विधिमंडळाला वेगळा कर्मचारीवर्ग दिलाय तो त्यासाठीच. इथं काटकसर केली तर सर्वांत जास्त आनंद मंत्रालयाला होईल. आणि अधिवेशन बोलावतात राज्यपाल, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. घटनेची अट एवढीच की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडू नये. बैठका किती व्हाव्यात यावर एक शब्द नाही. सरकारनंच अधिवेशन आटोपतं घेतलं, तर त्याचा दंड विरोधी आमदारानं का भरायचा?

कोरडवाहू: हा मुद्दा बिनतोड आहे. मग किमान बैठकांचा कायदा करा, पण वेतन ठरवण्याचं काम आमदारांकडून काढाच.

पाणवठा: ब्रिटननं २००९ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. त्यानंच २०१५ मध्ये खासदारांना १० टक्के वाढ देऊन वेतन ७४,००० पौंड केलं आणि लोक तरीही संतापले.

कोरडवाहू: संतापू देत. निदान स्वतःच स्वतःला वाढवून घेतलं असं तरी कुणी म्हणणार नाही. आणि तेही जमत नसेल तर अमेरिकेची २७ वी घटनादुरुस्ती आहे: काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, आपलं वेतन बदललं तर ते मधली निवडणूक झाल्यावरच लागू होतं. आपल्या आमदारांनीही वाढ मंजूर करावी, मतं मागायला यावं आणि मग ती घ्यावी. याला तरी विरोध आहे का, रानवाट?

रानवाट: नाही. यावर माझी सही घ्या.