मदत हवी आहे : *नेबो मधला शेवटचा ‘ओ’ आला कुठून?

मंडळी, रशियन शिकतोय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. आकाश म्हणजे ‘नेबो’, पण अनेकवचन ‘नेबेसा’. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अपवाद आहे, पाठ करा. मला मात्र तो मधला ‘स’ दिसला आणि शाळेतलं मनः मनसी मनांसि कानात वाजायला लागलं. नभः, नभसः, नभांसि!

मग आद्य-स्लाव्हिक, म्हणजे रशियन आणि तिच्या भाषाभगिनींच्या मूळ भाषेतली रूपं वहीत मांडली (शब्दाआधीचा तारा, *, म्हणजे लेखी पुरावा नाही, तुलनेतून उभं केलेलं रूप). प्रथमा *नेबो, षष्ठी *नेबेसे, अनेकवचनी प्रथमा *नेबेसा. सरळसरळ सकारान्त नपुंसकलिंगी नाम. ‘भ’चा ‘ब’ झाला, कारण स्लाव्हिकमध्ये महाप्राण उरलेच नाहीत. मूळ अर्थ ढग किंवा धुकं : ग्रीक नेफोस ढग, जर्मन नेबेल धुकं. आपल्याकडेही श्रावणाचं वैदिक नाव नभस्, ते काय निरभ्र आकाशावरून पडलं असेल? इथवर मी खूश होतो.

अडलंय ते पुढे. वृकः (लांडगा) आणि नभः, संस्कृत आणि स्लाव्हिकच्या सामाईक पूर्वजभाषेत दोन्हींचा शेवट -ओस. संस्कृतात दोन्हीकडे विसर्ग. स्लाव्हिकमध्ये लांडग्याचं *विल्कु झालं (शेवटचा उ अगदी तोकडा). मग आकाशाचं *नेबु का नाही? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : चांगल्या खड्ड्यात पाय घातलात, यावर अजून एकमत नाही. एक गट म्हणतो -ओसचा ‘ओ’ होणंच नियमित, *विल्कु मधला ‘उ’ द्वितीयेतून (वृकम्) आला. दुसरा म्हणतो ‘उ’ नियमित, आणि *नेबो ने ‘ओ’ घेतला तो *तो या सर्वनामाकडून, म्हणजे आपलं तत्. मला दुसरं पटतं. युगम् (जू) बघा : -ओमचा ‘उ’ व्हायला हवा, तरी रूप मिळतं *यिगो. नपुंसकलिंगाने सगळीकडेच ‘ओ’ लावून घेतलेला दिसतो. पण नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहरात 1951 पासून सापडलेल्या भूर्जपत्रांत पुल्लिंगी प्रथमा ‘ए’कारान्त आहे आणि द्वितीया ‘उ’कारान्त, म्हणजे तिथे दोन्ही वेगळ्या आहेत, त्यामुळे पहिल्या गटालाही उडवून लावता येत नाही.

धागाकर्ता : युगम् डोक्यातच आलं नव्हतं! मग *स्लोवो (शब्द), *स्लोवेसे म्हणजे आपलं श्रवः, श्रवसः ना?

प्रतिसाद : तेच. तिथला ‘स’ मात्र रशियनने टाकला, आज अनेकवचन साधं ‘स्लोवा’. ‘नेबेसा’ चर्चच्या जुन्या धार्मिक स्लाव्हिक भाषेने जपलं, म्हणून बाईंना ते अपवाद वाटतं.